नमुना क्रमांक एकशे बारा

उदगीरच्या आमच्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर,
वनस्पतिशास्त्राच्या खिडकीत,
पिचक्या ॲल्युमिनियमच्या डब्यात तो बसलेला असतो.
मुठीएवढा एक, त्याला चिकटून सुपारीएवढे सात,
आणि त्यांच्या बगलेत हरभऱ्याएवढे किती
ते मोजायला इरण्णाच्या चष्म्याचा नंबर पुरत नाही.

काळ्या मातीत हा सडतो.
कापूस पोसणारी माती ह्याला जड जाते.
म्हणून इरण्णानं लेंडीची वाळू चाळली,
विटेचा चुरा, चिमूटभर चुनखडी,
आणि पाणी चहाच्या चमच्यानं.
पौषात तेही नाही.

वर्गात मी शिकवते:
काटा म्हणजे पानपण सोडून दिलेलं पान.
खोड हिरवं, कारण घरात कुणीतरी हिरवं राहायलाच हवं.
फिरक्या मोजा, डावीकडून आठ, उजवीकडून तेरा,
आणि मोजून झालं की हात हळूच मागे घ्या.
मधला काटा गळासारखा वाकडा आहे,
तो बोटाला सोडतो, बाही धरतो.

लॅटिन नावाचा अर्थ मात्र मी सांगत नाही.
'उंचवटा' म्हणते नि फळा पुसते.
एकदा मागच्या बाकावरची मेहजबीन शब्दकोश घेऊन आली,
म्हणाली, मॅडम, हे तर...
मग आम्ही दोघी हसलो, प्रयोगशाळेचं दार लावून.

दिवसभर ह्याची रंध्रं बंद.
रात्री उघडतात, हवा आत घेतात,
आंबट करून ठेवतात सकाळच्या उन्हासाठी.
हे समजावताना अर्धा वर्ग जांभया देत असतो.
काल नळ होता. अकराव्या दिवसाचा. रात्री दोनला.
त्या वेळी अख्खी गल्ली तोंड उघडून उभी असते,
घागरी, टिपाडं, लग्नातली पातेलीसुद्धा.
सकाळी आम्हीही आंबट असतो,
कारण वेगळं.

मार्चमध्ये समिती यायची होती.
कपाटात वाळवलेले नमुने एकशे अकरा.
आदल्या दिवशी म्हटलं, इरण्णा,
ह्याचं एक पिल्लू काढून दाबात ठेवा.
आधी उकळत्या पाण्यात बुडवा,
नाहीतर मरत नाही ते.
"बरं," म्हणाला.
इरण्णा बरं म्हणाला की काम झालं,
हा बावीस वर्षांचा रिवाज.

समिती आली, चहा प्याली,
जिन्याकडं बघून गुडघ्यांबद्दल बोलली,
वर आलीच नाही.

जूनमध्ये पट्टे सोडले.
टिपकागद, वर्तमानपत्र, टिपकागद.
टेंडर नोटिशीवर ते पडलेलं,
शिळ्या भाकरीसारखं चपटं, एका अंगानं तपकिरी.
आणि दुसऱ्या अंगाला, दोन उंचवट्यांच्या बेचक्यात,
मेथीच्या दाण्याएवढं
हिरवं.
एक पांढरं मूळ राशिभविष्यापर्यंत गेलेलं,
कर्क ओलांडून सिंहेत.

तीन महिने.
स्क्रूचा दाब, अंधार, ना थेंब ना कवडसा.
मी कितीतरी वेळ नुसती बघत राहिले,
मग विचारलं, उकळलं नव्हतं का हे?

इरण्णा खिडकीकडं तोंड करून डबा पुसत होता.
"पाणी कुठं होतं, मॅडम, त्या दिवशी."

घरी जाताना, बसस्टँडपाशी, मला आठवलं.
त्या दिवशी समितीसाठी टँकर मागवला होता.
टाकी वाहून जात होती.
आणि मी स्वतः दोन कप चहा प्यायले होते,
इरण्णानंच केलेला.

आता ते खिडकीत आहे, डिंकाच्या बाटलीच्या झाकणात.
एकशे बारावा कागद मी तसाच भरून टाकला.
ठिकाण: उदगीर.
वाढ: पुंजक्यानं.
फूल: शेंड्याभोवती कडं करून, फिकट गुलाबी; अजून पाहिलेलं नाही.
शेऱ्यात 'हाताळू नये' लिहिणार होते,
पण त्या रकान्यात आधीच कुणीतरी
पेन्सिलीनं, मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय,
भायेर गेलंय.